वचन आधी, रंग मागाहून

स्त्रियांच्या तपसाधनेची पूर्वतयारी म्हणून बायबलच्या समासात चित्रे रेखाटावीत, वचनांभोवती रंग भरावेत, ही पश्चिमेकडून आलेली पद्धत आता आमच्या छत्रपती संभाजीनगरातील भगिनींपर्यंत पोहोचली आहे. काहींना तो पोरखेळ वाटतो, तर काहींना त्यातच सगळी प्रार्थना सापडली आहे. आम्हांस दोन्ही मते अमान्य आहेत.

पहिल्या पक्षाला आम्ही विचारतो, पवित्र शास्त्राला रंगाचा विटाळ केव्हापासून झाला? जर्मनीतील डालहाइम येथील जुन्या मठाच्या दफनभूमीत, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीच्या दातांवरील किटणात लाजवर्द दगडाचे निळे कण आढळले. संशोधकांनी २०१९ साली हे प्रसिद्ध केले. कुंचल्याचे टोक ओठांत धरून ती ग्रंथ रंगवीत असावी, असा त्यांचा तर्क आहे. अफगाणिस्तानातून येणारा तो महागडा रंग एका स्त्रीच्या हाती विश्वासाने सोपवला गेला होता. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणले. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांच्या श्रमातून ते १९२४ साली छापून निघाले. स्त्रीच्या हाताने शास्त्राची सेवा केली आहे. त्या हातात पेन्सिल पाहून नाके मुरडण्याचे कारण नाही.

दुसऱ्या पक्षाशी आमचे भांडण अधिक गंभीर आहे. ही पद्धत रुंद समासाच्या इंग्रजी बायबलांसाठी जन्मली. आपल्या मराठी बायबलाचा कागद पातळ, समास अरुंद. शाई मागच्या पानावर फुटते आणि चिकटचित्राखाली नेमके वचनच झाकले जाते. त्यातून प्रदर्शन भरवायचे, उत्तम पानाला बक्षीस द्यायचे, म्हणजे तर कहरच! बक्षीस सुबक हाताला मिळणार. नवऱ्याच्या व्यसनाने पिचलेली जी भगिनी वाकड्या अक्षरांत देवापुढे दोन ओळी मांडील, ती आपली वही पदराआड लपवील. गंगापूर-वैजापूरकडील खेड्यांतून येणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या आजीने तर त्या मेजाजवळ जावेच कशाला?

व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शास्त्रवाचनाला प्रार्थनेची जोड असावी, असे बजावले. बाराव्या शतकातील गिगो या मठवासीयाने त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना व निदिध्यास. रंगरेषांना दुसऱ्या पायरीवर खुशाल स्थान द्यावे. परंतु वाचनच वगळून जो रंगवू लागतो, तो पायरी न चढताच कळसाला हात लावू पाहतो.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. तपसाधनेपूर्वी चार आठवडे प्रत्येकीला एक शंभर पानी वही व पेन्सिल द्यावी. दर आठवड्याला एक उतारा घ्यावा : रानातील हागार, मंदिरातील हन्ना, विहिरीवरील शोमरोनी स्त्री, कबरेजवळील मारिया मग्दालिया. तो दोनदा मोठ्याने वाचावा, मग मौन पाळावे. मनाला जे भिडेल ते कुणी लिहावे, कुणी रेखाटावे. लिहिता न येणारीने ओवी रचावी. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण ओवीतच लोकांपुढे ठेवले होते. जात्यावर ओव्या गाणाऱ्या मायबहिणींना तो छंद परका नाही.

आणि ती वही पतीने, संयोजिकेने वा धर्मगुरूने उघडू नये. हन्ना मंदिरात अंतःकरण ओतत होती, तिचे फक्त ओठ हलत होते, आणि याजक एलीला वाटले की ती मद्य प्यायली आहे. स्त्रीच्या प्रार्थनेला बाहेरून गुण देऊ पाहणाऱ्या आम्हां धर्मगुरूंनी हा प्रसंग विसरता कामा नये.

तेव्हा येत्या तपसाधनेच्या संयोजकांना आमची विनंती आहे : प्रदर्शन रद्द करा आणि बक्षिसांच्या पैशांतून वह्या घ्या.