जेट इंजिनाची पाती एकट्या संगणकाने वाचवलेली नाहीत

१/ जेट इंजिनाच्या इतिहासाची एक सोपी कथा वारंवार सांगितली जाते. पूर्वी अभियंते अंदाजाने पाती घडवत आणि ती तुटत. मग संगणक आला, पडद्यावर कंपने दिसू लागली आणि प्रश्न मिटला. कथा आकर्षक आहे, पण तिला इतिहास म्हणता येत नाही. या धाग्यात तिची उलटतपासणी.

२/ आधी मूळ प्रश्न. कॉम्प्रेसर असो वा टर्बाइन, चक्रावरच्या प्रत्येक पात्याला, तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे, स्वतःचा स्वर असतो. वाटेतील स्थिर पाती आणि आधाराचे खांब हवेचा प्रवाह विस्कळीत करतात, त्यामुळे फिरत्या पात्याला दर फेऱ्यात ठरावीक धक्के बसतात. धक्के आणि स्वर जुळले की अनुनाद घडतो. धातू थकतो, तडा जातो, पाते तुटते.

३/ संगणकापूर्वी सारा अंदाजच होता काय? जनरल इलेक्ट्रिकमधील विल्फ्रेड कॅम्पबेल यांनी १९२४ साली वाफेच्या टर्बाइनच्या चक्रांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. आडव्या अक्षावर फेऱ्यांची गती, उभ्या अक्षावर वारंवारता; रेषा छेदतात तिथे धोका. फ्रँक व्हिटल यांचे जेट इंजिन प्रथम चालले ते १२ एप्रिल १९३७ रोजी, म्हणजे त्यानंतर तेरा वर्षांनी. कॅम्पबेल आलेख आजही अभियंत्यांच्या रोजच्या वापरात आहे.

४/ आता जर्मनी, १९४३. आन्झेल्म फ्रान्झ यांच्या युमो ००४ इंजिनात टर्बाइनची पाती तुटू लागली. हेच इंजिन मेसरश्मिट २६२ विमानाला बसणार होते. तेव्हा एका व्यावसायिक वादकाला बोलावले गेले. त्याने पात्यांवर व्हायोलिनचा गज फिरवला आणि तयार कानाने प्रत्येक पात्याचा स्वर सांगितला.

५/ हा प्रसंग आज गंमत म्हणून सांगितला जातो. ऐकणारा हसतो आणि पुढे जातो. पण पात्याची नैसर्गिक वारंवारता मोजण्याची ती शुद्ध प्रायोगिक पद्धत होती. त्यात हास्यास्पद काय आहे? उपकरण लाकडाचे आणि घोड्याच्या केसांचे होते, एवढेच.

६/ पुढची उकल माक्स बेन्टेले यांची. इंजिनात सहा ज्वलनकक्ष होते आणि टर्बाइनच्या मागे नोझलचे तीन आधारखांब. म्हणजे दर फेऱ्याला सहा धक्के. मिनिटाला ९००० फेरे म्हणजे सेकंदाला १५०. सहाने गुणले की ९००. पात्याचा स्वर नेमका याच धक्क्यांना जाऊन मिळत होता. हे गणित वहीच्या पानावर मावते.

७/ उपायही तितकेच साधे होते. पाती एक मिलिमीटरने आखूड केली, टोकाकडे अधिक निमुळती केली आणि कमाल गती ९००० वरून ८७०० फेऱ्यांवर आणली. पहिल्या दोन उपायांनी पात्याचा स्वर चढला, तिसऱ्याने धक्क्यांची गती उतरली. दोघांची गाठ चुकली.

८/ संगणकाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा निबंध आला. १९६० साली क्लफ यांनी त्या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. त्याच दशकात नासाने नॅस्ट्रान ही प्रणाली उभी करवली. पीळ दिलेल्या, पातळ पात्याची गुंतागुंतीची कंपने हाताने काढणे जवळपास अशक्य होते. ती आता काढता येऊ लागली.

९/ पण गणिताला माहिती कोण पुरवतो? पात्याच्या मुळाशी घर्षणाने किती ऊर्जा विरते, हे केवळ आकृतीवरून नेमके कळत नाही. ते मोजावे लागते. शिवाय पडद्यावरचे आदर्श चक्र एकसारख्या पात्यांचे असते, कारखान्यातून आलेले कधीच नसते.

१०/ या सूक्ष्म फरकांची किंमत डी. एस. व्हाइटहेड यांनी १९६६ साली दाखवून दिली. पात्यांच्या संख्येचे वर्गमूळ काढा, त्यात एक मिळवा, दोनने भागा. एखाद्या दुर्दैवी पात्याचे कंपन आदर्श चक्रातल्यापेक्षा कमाल तितक्या पटीने वाढू शकते. ४९ पाती असतील तर चौपट! आणि हा निष्कर्ष महासंगणकातून आलेला नाही, तो कागदावरच्या सूत्राचा आहे.

११/ ‘तो काळ गेला’ असे म्हणणाऱ्यांसाठी २०१९ साल पुरेसे आहे. २५ जुलै रोजी जिनिव्हाहून लंडनला निघालेल्या एअरबस ए२२० विमानाच्या एका इंजिनात कमी दाबाच्या कॉम्प्रेसरचे पहिले चक्र फ्रान्सवर उडताना फुटले. विमान पॅरिसला सुखरूप उतरले. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये त्याच प्रकारच्या विमानांत पुन्हा इंजिने निकामी झाली. फ्रेंच तपास यंत्रणेने टायटॅनियमचे तुकडे रानात शोधण्यासाठी स्वयंसेवकांना हाक दिली.

१२/ आणि तातडीचा उपाय? २९,००० फुटांवर इंजिनाची गती ९४ टक्क्यांच्या आत ठेवा. म्हणजे फेरे कमी करा. ७६ वर्षांनी, जगातले उत्तमोत्तम सिम्युलेशन हाताशी असताना, पहिले पाऊल बेन्टेले यांच्या काळातलेच पडले.

१३/ यावरून संगणक निरुपयोगी ठरत नाही. त्याने असंख्य चुका धातू कापण्याआधीच पकडल्या आहेत. मात्र सिम्युलेशन म्हणजे आधी तुटलेल्या पात्यांकडून शिकलेले शहाणपण गणितात बांधून ठेवणे. जे अजून तुटले नाही, मोजले गेले नाही, त्याविषयी ते आत्मविश्वासाने चुकू शकते.

१४/ म्हणूनच ही कथा खोडणे आवश्यक आहे. ‘संगणकाने प्रश्न सोडवला’ असे मानणारा समाज उद्या विचारतो, मग महागडी चाचणीकेंद्रे कशाला? तुटलेले भाग जपायचे कशाला? सॉफ्टवेअर विकत घेतले की इंजिन तयार होईल, हा भ्रम याच खोट्या इतिहासातून जन्मतो. सॉफ्टवेअरचा परवाना विकत मिळतो. मोडलेल्या पात्यांचा अनुभव ज्याचा त्यालाच कमवावा लागतो.