नावाचा धनी

दुकानाची पाटी सूनबाईंच्या नावाची, पण गल्ल्याची किल्ली मामंजींच्या जानव्याला, ही रीत आमच्या वाचकांस अगदीच अपरिचित नसावी. घरात तिला ‘सोय’ म्हणतात. हीच सोय सरकारी खरेदीत शिरली म्हणजे काय होते, याचा दाखला ऑस्ट्रेलियात मिळतो.

त्या खंडातील मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या आणि पुढे कित्येकांच्या मजुरीचा पैसाही त्यांच्या हाती पडला नाही. अशांजवळ व्यापारास भांडवल कोठून असणार? तेव्हा नुसते साह्य देण्यापेक्षा त्यांजकडून माल व काम विकत घ्यावे, हे धोरण तेथील सरकारने १ जुलै २०१५ पासून अमलात आणले. दुर्गम प्रदेशातील कामे आणि ८०,००० ते २,००,००० डॉलरची कामे प्रथम त्यांच्या उद्योगांस देता येतात काय, हे पाहणे खात्यांवर बंधनकारक झाले. मात्र काम चोख व दाम वाजवी हवे, ही अट राहिलीच. २०१२-१३ साली जेथे जेमतेम ६२ लाख डॉलरची कामे मिळत, तेथे पुढील दशकात बेरीज अब्जांच्या घरात गेली.

परंतु गूळ दिसला की मुंगळे येतातच. निम्मी मालकी मूळ रहिवाशाची असली की उद्योग पात्र ठरे; म्हणून काही ठिकाणी नाव त्याचे आणि सत्ता व नफा दुसऱ्याचा, असे सोंग उभे राहिले. यास्तव १ जुलै २०२६ पासून ५१ टक्क्यांची अट लावण्याचा निर्णय २०२५ साली जाहीर झाला.

आपल्या केंद्र सरकारच्या २०१२ च्या आदेशातही अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योगांकडून वार्षिक खरेदीच्या ४ टक्के खरेदीचे लक्ष्य आहे, आणि भागीदारीत ५१ टक्के हिश्श्याची अटही आहे. तथापि आमच्या मते आकड्याने सोंग अवघड होते, अशक्य होत नाही. हिशेब कोण तपासतो, माणसे कोण नेमतो, नफा कोणाच्या घरी जातो, हे विचारल्यावाचून खरा धनी ओळखू येत नाही.

आणि हे तीन प्रश्न प्रथम आपल्याच घरातील पाटीस विचारावेत, अशी आमची वाचकांस विनंती आहे. जेथे सुनेची सही ही निव्वळ सोय ठरते, तेथे वाढलेल्या मुलास उद्या दुसऱ्याचे नाव उसने घेण्यात गैर ते काय वाटणार?