लॅपटॉप उठेना तेव्हा

गेल्या एप्रिलच्या अखेरची गोष्ट. नववीच्या मुलांचे तोंडी परीक्षेचे गुण दुसऱ्या दिवशी शाळेत द्यायचे होते. दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसला आणि मी लॅपटॉप उघडून बसले. बटण दाबलं. दिवा लागला, आतला पंखा घूं घूं करू लागला, पण पडदा काळा तो काळाच! दहा मिनिटं वाट पाहिली, बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच.

आमचा हा लॅपटॉप २०१३ सालचा. लॅपटॉपच्या जातीत म्हणजे पणजोबाच म्हणा ना! संध्याकाळी हे तो घेऊन बाजारातल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं पाहिलं न पाहिलंसं केलं आणि सांगितलं, "मदरबोर्ड गेला. आता यात पैसे घालू नका. नवा घ्या, हा दोन हजारांत मी ठेवून घेतो." यांनाही ते पटलं. गुण मी वहीवरून हातानं लिहून दिले, त्यामुळे शाळेचं काम काही अडलं नाही. मीही मनात नव्याचा हिशेब मांडू लागले होते. तेवढ्यात सासूबाई दारातून म्हणाल्या, "त्यायची दंडार होती त्याच्यात. तेपन गेली का वं बाई?"

मी गप्पच झाले. आमच्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडारी होतात. मामंजी तरुणपणापासून दंडारीत उभे राहायचे. २०१५ सालच्या मंडईत ते शेवटचे उभे राहिले, ते माझ्या दिरांनी मोबाईलवर टिपलं होतं. तो मोबाईल केव्हाच फुटला. मामंजी २०२१ मध्ये गेले. आता ते चित्रण होतं फक्त या पणजोबांच्या पोटात, आणि ते आम्ही दोन हजारांत द्यायला निघालो होतो.

यांना म्हटलं, मला दोन दिवस द्या. नागपूरला शिकणारा माझा भाचा फोनवर बोलावला, चष्मा लावला आणि देवघरातल्या चौरंगावर जुनी चादर घालून त्यावर लॅपटॉप मांडला.

मूल रडत आलं की आपण आधी विचारतो, कुठं दुखतंय? इथंही तसंच. "सुरू होत नाही" या एका तक्रारीत तीन वेगळी दुखणी असतात. एक, दिवाच लागत नाही. दोन, दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा. तीन, कंपनीचं चिन्ह उमटतं आणि तिथंच गाडी अडते. या तिघांची औषधं वेगळी. दुकानात गेलात तरी एवढं नीट सांगितलंत की समोरचा माणूस जरा सावरून बोलतो, हा माझा आता अनुभव आहे.

दिवाच लागत नसेल तर आधी भिंतीतलं सॉकेट बघा. तिथं टेबललॅम्प लावून पाहा. हसू नका, आमच्या वाड्यातल्या एका वहिनींचा लॅपटॉप अशाच मेलेल्या सॉकेटमुळे आठवडाभर आजारी होता! मग चार्जरची तार. लॅपटॉपच्या टोकाशी ती रोज मुडपते आणि आतून तुटते, वरून काही दिसत नाही. दुसऱ्याचा चार्जर लावून बघायचा तर त्यावरचा व्होल्टचा आकडा आपल्या चार्जरएवढाच हवा आणि अँपिअरचा आकडा आपल्यापेक्षा कमी नको. पिन बसली म्हणून लावला, असं करू नका.

पुढचा उपाय दोन्ही दुखण्यांवर करून पाहण्यासारखा, आणि फुकटचा. चार्जर काढा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी खालून खटका सरकवला की निघते, तीही काढा. आता सुरू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरा. आत साचून राहिलेली वीज अशानं निघून जाते. मग बॅटरी न लावता नुसत्या चार्जरवर सुरू करा. झाला, तर दोष बॅटरीचा असण्याचा संभव फार.

आमचा काही झाला नाही.

मग भाच्यानं टॉर्च आणायला लावला. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका उजेड पाडायचा. पुसटसं चित्र दिसलं तर लॅपटॉप ठणठणीत, फक्त पडद्यामागचा उजेड गेलेला. ते दिसेना, तेव्हा टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सची तार काढून तीच लॅपटॉपला लावली. टीव्हीवरही काळोख. म्हणजे पडद्याचा दोष नाही, दुखणं आत आहे. इथं मला खरं सांगते, दुकानदारच बरोबर म्हणत होता असं वाटू लागलं. पण भाचा म्हणाला, "मावशी, मदरबोर्ड म्हणायच्या आधी रॅम काढून पाहायची असते."

रॅम म्हणजे बोटभर लांबीची हिरवी पट्टी. लॅपटॉप काम करताना हाताशी लागेल ते तिच्यावर मांडतो, आपण पोळ्या करताना ओट्यावर पीठ-तेल घेऊन बसतो तसं. ती नीट टेकलेली नसली किंवा तिच्या पिवळ्या दातांवर मळ धरला, तर पडदा काळाच राहतो. चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढलेली आहेत ना, हे पुन्हा एकदा पाहिलं. खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला. कोरड्या हवेत आपल्या अंगात वीज साठते, आणि ती त्या पट्टीला सोसत नाही. बारीक पेचकसानं खालचं छोटं झाकण उघडलं. पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या अंगठ्यांनी बाहेर ओढल्या, तशी ती टुणकन तिरकी वर आली. मुलीच्या कंपासमधलं पांढरं खोडरबर घेऊन दात हलक्या हातानं पुसले, चुरा पट्टीवरून झटकला. पाणी नाही, रॉकेल नाही, तोंडानं फुंकरही नाही, फुंकरीत थुंकी असते. मग तिरकीच आत सरकवून खाली दाबली. टक् आवाज आला पाहिजे, नाहीतर ती बसलेली नसते. आमच्यात अशा दोन पट्ट्या होत्या. आधी एकच लावून पाहिली.

चार्जर लावला, बटण दाबलं, आणि कंपनीचं चिन्ह उमटलं! दुसरी पट्टीही पुसून लावली, तरी चालू. मदरबोर्ड कसला नि काय, खोडरबराचं काम!

तारीख मात्र २०१२ सालची दाखवू लागला. म्हणजे आतला रुपयाएवढा सेल संपलेला. सीआर २०३२ नावाचा हा तीन व्होल्टचा सेल घड्याळजीकडेही मिळतो. तारीख चुकली की बँकेची वगैरे पानं उघडत नाहीत आणि आपण उगाच इंटरनेटला दोष देतो.

एवढ्यावर थांबून चहा ठेवू नका बरं का. म्हातारं माणूस शुद्धीवर आलं की आधी विचारायचं ते विचारून घ्यावं. मी पहिल्या अर्ध्या तासात मामंजींची दंडार, मुलींचे फोटो, प्रश्नपत्रिका, सारं पेनड्राइव्हवर उतरवलं. दिरांकडेही एक प्रत धाडली.

तिसऱ्या दुखण्याबद्दल थोडक्यात. चिन्हावर अडला तर आधी खोचलेले पेनड्राइव्ह, माउस, सारं काढा. विंडोज १० असेल तर सुरू होता होता बटण दाबून धरून बंद करायचा, असं दोन-तीनदा केलं की तो स्वतःच दुरुस्तीचं पान दाखवतो. त्यात 'स्टार्टअप रिपेअर' निवडा. 'रीसेट'च्या वाटेला मात्र माहीतगाराला विचारल्याशिवाय जाऊ नका, त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' दाबलं गेलं तर सारं पुसलं जातं. विंडोज १० ला कंपनीची नेहमीची फुकट सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहे. लॅपटॉप त्यानं बंद पडत नाही, पण अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार मी करत नाही.

आणि चार ठिकाणी हात लावूच नका. आतून टिक् टिक् असा आवाज येत असेल, तर हार्ड डिस्क जायला लागली आहे. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिलंत की उरलंसुरलंही जाईल. जळका वास आला तर प्लग काढा. चहा सांडला तरी तेच. आणि बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, कचऱ्यातही टाकू नका, पेट घेते. लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला किंवा बोटं फिरवायची जागा वर उचलली गेली, की समजावं बॅटरी फुगतेय.

दातांवर मळ आला कुठून, याचं उत्तर मला नंतर मिळालं. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, कूलरशिवाय बसवत नाही. मी रोज दुपारी कूलरच्या तोंडाशीच लॅपटॉप घेऊन बसायची. ती ओली हवा थेट त्याच्या पोटात. वर धानाच्या मळणीच्या दिवसांत हवेत उडणारा भुसा पंख्याच्या जाळीवर बसतो. झाकण उघडलं तेव्हा आत निरांजनाच्या वातीएवढं कापसासारखं निघालं! आता लॅपटॉपची जागा दुसऱ्या भिंतीशी केली आहे, गादीवर ठेवणं बंद, आणि लाईन गेली की मी प्लगही काढते, ती परत येताना धक्का देते म्हणून.

सासूबाईंना मी त्याच रात्री दंडार लावून दिली. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि मामंजी वाकतात त्या जागी थोडं हसल्या. मग म्हणाल्या, "आवाज वाढव ना वं."

पुढच्या अंकात पावसाळ्याआधी कूलर धुऊन बांधून ठेवण्याविषयी. गवताच्या ताट्या फेकू नका, तोवर तशाच राहू द्या.