एएमएचचा आकडा आणि स्त्रीबीजाचे वय

तिशीतल्या, वंध्यत्वाची कसलीही तक्रार नसलेल्या तरुणीच्या रक्ततपासणीत एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) कमी निघाले, की 'बीजे संपत आली' असे ऐकून ती हादरते आणि पाठोपाठ बीजे गोठवण्याचा विचार सुरू होतो. अशा स्त्रीला मूल होईल की नाही हे ठरवण्यासाठी ही तपासणी करूच नये, असे माझे ठाम मत आहे. बीजकोशातल्या लहान पुटिकांमधून हे संप्रेरक स्रवते, म्हणून त्यावरून शिल्लक साठ्याचा अंदाज येतो. पण साठा मोठा असो वा लहान, दर महिन्याला पक्व होऊन बाहेर पडते ते बहुधा एकच बीज. दिवस राहण्याच्या दृष्टीने महत्त्व आहे ते त्या एका बीजाच्या प्रतीला.

ही प्रत मुख्यतः वयावर ठरते. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजे तयार होतात. पाचव्या महिन्यात ती साठ-सत्तर लाख असतात, जन्मापर्यंत दहा-वीस लाख उरतात. त्यांचे विभाजन तेव्हाच सुरू होऊन मध्येच थांबते. ते पुन्हा चालू होते बीज बाहेर पडण्याच्या सुमारास आणि पुरे होते शुक्राणू आत शिरल्यावर. म्हणजे ३८व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या बीजातल्या गुणसूत्रांच्या जोड्या ३८ वर्षांहून अधिक काळ एकमेकींना धरून असतात. त्यांना बांधून ठेवणारी प्रथिने झिजली, की गुणसूत्रांची वाटणी चुकते. वाढत्या वयातले अनेक गर्भपात आणि डाऊन सिंड्रोम यांचे मूळ इथे आहे. एएमएच यातले काहीच मोजत नाही.

अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या सुमारे ७५० स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहा पाळ्यांच्या काळात दिवस राहण्याची शक्यता एएमएच कमी असलेल्यांत ६५ टक्के, तर पुरेसे असलेल्यांत ६२ टक्के निघाली. या अभ्यासात गर्भधारणा मोजली, बाळंतपण नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तरीही 'आकडा कमी म्हणजे दिवस राहणे अवघड' या समजुतीला त्यात आधार सापडला नाही, आणि भीती घातली जाते ती याच समजुतीवर. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ मध्ये अशा स्त्रियांना या तपासणीच्या आधारे सल्ला देऊ नये असे सांगितले.

मग स्त्रियांनी निर्धास्त राहावे का? मुळीच नाही, पस्तिशीनंतर शक्यता घटत जाते, आणि ते सांगायला जन्मतारीख पुरते. आयव्हीएफमध्ये औषधाची मात्रा ठरवताना एएमएच उपयोगीच आहे. केमोथेरपीपूर्वी बीजे गोठवण्याची सोय तर प्रत्येक तरुण रुग्णाला वेळेत सांगितली गेली पाहिजे. मात्र आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये एएमएच घालणाऱ्या प्रयोगशाळांनी अहवालावर, आकड्याच्या शेजारीच, मराठीत छापावे: या आकड्यावरून नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे कळत नाही.