सार्वजनिक हिताची पाच किलोमीटरची प्रदक्षिणा

उत्तर प्रदेशातील गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात 5.125 किलोमीटर लांबीचा एक रस्ता आहे, जो कोणत्याही गावाला जात नाही. हर्मान टिल्के या जर्मन स्थापत्यविशारदाने आखलेल्या या शर्यतपथावर 2011, 2012 आणि 2013 अशा तीन वर्षी फॉर्म्युला वनच्या मोटारी धावल्या. तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल जिंकला आणि चौथ्या वर्षी कोणी आलेच नाही. सर्वसंगपरित्याग करणाऱ्या महापुरुषाचे नाव या तमाशाला द्यावे, हे औचित्य सत्ताधाऱ्यांनाच सुचू शकते.

प्रश्न मोटारींचा नाही, जमिनीचा आहे. यमुना द्रुतगती मार्गाच्या पट्ट्यात 1894 च्या ब्रिटिश कायद्यातील तातडीचे कलम लावून शेतकऱ्याची हरकत ऐकण्याचेही टाळले गेले. तातडी कशाची? पुराची, दुष्काळाची की युद्धाची? याच पट्ट्यातील सुमारे एक हजार हेक्टर जमीन जेपी समूहाच्या क्रीडानगरीला मिळाली. त्याच जिल्ह्यात भट्टा-परसौल येथे मे 2011 मध्ये भूसंपादनाच्या संघर्षात दोन पोलीस आणि दोन गावकरी प्राणास मुकले. त्यानंतर सहाच महिन्यांच्या आत पहिल्या शर्यतीचा झेंडा फडकला.

ही शर्यत म्हणजे क्रीडा नव्हे, करमणूक व व्यापार होय, असे खुद्द केंद्राच्या क्रीडा खात्याने 2009 मध्येच म्हटले होते. तरीही राज्य शासनाने करमणूक कर माफ केला! अखेर तिकीटविक्रीच्या उत्पन्नातील 25 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. शर्यत भरविण्याच्या हक्कासाठी चार कोटी डॉलरचा करार करणाऱ्या परदेशी कंपनीचा युक्तिवाद तर याहून निर्लज्ज होता. भारतात आपले व्यवसायाचे ठिकाणच नाही, सबब आयकर लागू होत नाही, असे ती म्हणत होती. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा शर्यतपथ हेच तिचे ठिकाण होय, असा निर्वाळा दिला. ज्याचे शेत गेले त्या शेतकऱ्याला मात्र आपले ठिकाण नाकारण्याची चैन कधीच परवडली नव्हती.

अशा प्रकल्पांनी रोजगार येतो, देशाची प्रतिष्ठा वाढते, असे समर्थक सांगतात. वर्षातून तीन दिवसांच्या गर्दीवर किती घरे चालतात, हे त्यांनी त्या गावांत जाऊन सांगावे. 2023 मध्ये मोटारसायकलींची जागतिक शर्यत तेथे झाली, तीही एकदाच. थकबाकीपोटी 2020 मध्ये प्राधिकरणाने जमीनवाटप रद्द केले आणि मार्च 2025 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते रद्द करणे ग्राह्य ठरविले. जमीन परत आली खरी, पण ती प्राधिकरणाकडे, कसणाऱ्याकडे नव्हे.

त्या पट्ट्यातील शेतकऱ्यांना 64.7 टक्के वाढीव मोबदला देण्याचे शासनाने 2014 मध्ये मान्य केले. हा बोजा उचलण्यास जमीन मिळालेल्या संस्थांनीच न्यायालयात विरोध केला, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत 2022 उजाडले. आता या शर्यतपथासाठी नवा धनको शोधण्यापूर्वी प्राधिकरणाने या मोबदल्याचा गावनिहाय हिशेब जाहीर करावा: कोणाला किती मिळाले, कोणाचे किती राहिले. आणि उरलेली मोकळी जमीन पुन्हा कोणा कंपनीच्या पदरात टाकण्याआधी तिच्या विनियोगाचा निर्णय त्या त्या गावच्या सभेपुढे ठेवावा.