परतीचं तिकीट

गेल्या काही वर्षांत अनुवादासाठी माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात एका प्रकारचं लेखन फार वाढलं आहे: शहर सोडून गावी राहायला गेलेल्या माणसाचं आत्मकथन. साचा ठरलेला असतो. पहिल्या प्रकरणात ट्रॅफिक, दुसऱ्यात चुलीवरची भाकरी, तिसऱ्यात शेजारची एक म्हातारी, जी शाळेत गेलेली नसते पण जगण्याचं सार सांगते. शेवटी पाऊस येतो आणि लेखकाला स्वतःचा शोध लागतो. असे दोन मजकूर मी मराठीत आणले आहेत, एक हिंदीतून आणि एक इंग्रजीतून. त्याचे पैसेही घेतले आहेत. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते दुसऱ्यांवर बोट ठेवण्यासाठी आहे असं समजू नये. त्यातलं निम्मं बोट माझ्याकडेच आहे, कारण २०२० ते २०२३ ही तीन वर्षं मी स्वतः रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावी राहिले आणि तिथून मित्रमंडळींना अशाच सुरात पत्रं लिहिली.

हे लेखन खोटं आहे असा माझा आक्षेप नाही. गावाचं सुख खरं आहे. चिऱ्याच्या घराच्या पडवीत पहाटे बसून मी तीन वर्षांत जेवढं काम केलं तेवढं पुण्यात सहा वर्षांत झालं नव्हतं. भाडं नव्हतं. आंबे, फणस, कोकमं परसात होती. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात, मी नीट ओळखतही नव्हते अशा घरांतून आमच्या ओटीवर तांदूळ आणि भाजी येऊन पडली. शहरात माझ्या मजल्यावर कोण राहतं हे मला आजही ठाऊक नाही. हे सगळं जमेला धरूनच मी म्हणते आहे की आपण गावाबद्दल जे लिहितो, छापतो आणि भाषांतरित करतो, त्यात मूळ अट लपवलेली असते. ती अट म्हणजे लिहिणाऱ्याला हवं तेव्हा परत जाता येतं.

माझंच उदाहरण देते. तिसऱ्या वर्षी जुलैत आईला पक्षाघाताचा झटका आला. रात्रभर पाऊस होता आणि दुपारपासून वीज नव्हती. मोबाइलला रेंज येते ती टेकडीवरच्या एका वळणावर. तिथे चालत जाऊन मी १०८ ला फोन केला. गाडी आली, चालकानं शर्थ केली, तरी जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायला अडीच तास लागले. अशा झटक्यात पहिले साडेचार तास महत्त्वाचे असतात, त्यातले किती उरले होते याचा हिशेब मी गाडीत करत होते. आई वाचली, पण तिचा उजवा हात गेला. मग आम्ही पुण्याला परत आलो.

‘मग आम्ही पुण्याला परत आलो.’ या वाक्यापाशी मला थांबायचं आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकी भांड्यातून पेज घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तुमी जाल वो बाय. आमी कुटं जाऊ?” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आजवर मी अनुवादित केलेल्या गावाच्या दोन्ही पुस्तकांत हा प्रश्न कुठेही नाही. त्या पुस्तकांतली म्हातारी लेखकाला शहाणपण देते, पण असा प्रश्न विचारत नाही.

कोकणातून माणसं जातात ही काही आजची गोष्ट नाही. मुंबईच्या गिरण्या ज्या हातांनी चालवल्या त्यांतले असंख्य हात रत्नागिरीचे होते, आणि गावची चूल मनीऑर्डरीवर पेटत होती. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटलेली दिसते. रत्नागिरीची जवळजवळ १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, राज्यात ९२९. एका परिसंवादात हा आकडा कोकणातल्या स्त्रीसन्मानाचा पुरावा म्हणून सांगितलेला मी ऐकला आहे. त्याचा मुख्य अर्थ साधा आहे: पुरुष मुंबईला आहेत. मागे राहिलेली बाई शेत, गुरं, सासूसासरे आणि शाळेतली मुलं सांभाळते. आणि जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याच मुलखात एप्रिल-मे महिन्यांत हंडा घेऊन टँकरची वाट बघते. ज्यांना आपण ‘निसर्गाच्या सान्निध्यात राहणारी माणसं’ म्हणतो त्यांतल्या बऱ्याच जणांना सवड मिळाली की ती निसर्गापासून लांब जातात. ती मूर्ख आहेत असं मानायचं, की त्यांना आपल्यापेक्षा काही जास्त ठाऊक आहे असं मानायचं?

इथे मला आमच्या घराबद्दल बोलावं लागेल. आमचे पणजोबा खोत होते. ‘कुळकायद्यात गेलं’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले, जणू जमीन एखाद्या वादळात वाहून गेली. ती ज्यांच्याकडे गेली ते पिढ्यान्पिढ्या तीच जमीन कसत होते, पिकातला मोठा वाटा आमच्या कोठारात घालत होते आणि वर वेठ करत होते, हे मला कळलं ते विद्यापीठात. १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधानसभेत मांडणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, त्यांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातलं. खोती प्रत्यक्षात कायद्यानं गेली ती स्वातंत्र्यानंतर. आमच्या घरातली गावाची ओढ ही बऱ्याच अंशी त्या कोठाराची ओढ होती. गावाविषयी हळवं होणाऱ्या प्रत्येक लेखकानं आपल्या हळवेपणाचा सातबारा एकदा काढून बघावा. त्यावर कोणाची नावं होती आणि कोणाची कधीच लागली नाहीत, हे तिथे लिहिलेलं असतं. आमच्या सातबारावर आत्यांची नावं नाहीत. हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या मात्र आहेत.

याच आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले ते अनेकांना आजही बोचतात. खेडं म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञान यांचं घर, असा त्यांचा आशय होता. तीन वर्षं आधी गांधीजी नेहरूंना लिहीत होते की लोकांना खेड्यांतच राहावं लागेल, महालांत नाही. हा वाद आपण दोन थोर माणसांच्या स्वभावभेदासारखा शिकवतो. खरं तर तो गावात कोण कुठे उभं आहे याचा वाद आहे. पाणवठ्याच्या कोणत्या बाजूला तुम्ही जन्मलात त्यावर गाव कसं दिसतं ते ठरतं, आणि महाडचं तळं कोकणातच आहे.

या नियतकालिकाचे वाचक अनेक भाषांमधले आहेत, म्हणून शब्दांबद्दल थोडं सांगते. मराठीत ‘गाव’ म्हटलं की वस्ती येते आणि ‘गावकुसाबाहेर’ म्हटलं की दुसरी वस्ती येते. तमिळमध्ये ‘ऊर’ आणि ‘चेरी’. तेलुगूत ‘ऊरु’ आणि ‘वेलिवाडा’. म्हणजे आपल्या भाषांना हे ठाऊक आहे की गाव हा एक आकडा नाही, त्याचे किमान दोन भाग होतात आणि गाव हे नाव त्यांतला एकच घेतो. पण इंग्रजीत गेलं की सगळ्याचं एकच ‘व्हिलेज’ होतं, आणि तिथून दुसऱ्या भारतीय भाषेत आलं की ते एकसंध, हिरवं आणि निष्पाप होऊन येतं. ही चूक आम्ही अनुवादक करतो. ‘वाडी’ या शब्दाला तळटीप नको म्हणून मी एकदा संपादकाचं ऐकलं. त्या एका शब्दात कोणाची वाडी हे होतं. ते गेलं आणि पुस्तक वाचायला सोपं झालं.

‘मातीचा गंध’ हा समीक्षेतला शब्द तर मला आता ऐकवत नाही. फकीरमोहन सेनापतींची ओडिया कादंबरी ‘छ माण आठ गुंठ’ घ्या. तिचं नावच जमिनीचं माप आहे. तिकडे पंचवीस गुंठ्यांचा माण, आपल्याकडे चाळीस गुंठ्यांचा एकर. अनुवादकाला पहिलाच अडथळा शीर्षकात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लिहिणाऱ्या त्या माणसाला गंधापेक्षा हे महत्त्वाचं वाटलं की एका विणकर जोडप्याची जमीन सावकार कशी गिळतो. ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ रत्नागिरीचंच आहे. त्यातही डोंगर आहेत, पाऊस आहे, आंबे आहेत. पण त्या डोंगरातून बायका डोक्यावर ओझी घेऊन बाजाराला चालत जातात, म्हणून डोंगर सुंदर दिसण्याआधी चढ म्हणून जाणवतो. गावाचं चांगलं लेखन असं असतं. आपण त्याला ‘दलित आत्मकथन’ या कप्प्यात ठेवतो आणि ‘गावाविषयीचं लेखन’ या कप्प्यात पडवीतून पाऊस बघणाऱ्यांना बसवतो.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावा लागला ती सांगते. गावी माझं दुसरं वर्ष होतं. खालच्या वाडीतली एक मुलगी बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झाली. तिला मुंबईला जाऊन नर्सिंग करायचं होतं. वडिलांची मुंबईतली नोकरी टाळेबंदीत गेली होती आणि शहरावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. ते आमच्या ओटीवर आले. “तुमी शिकलेल्या. तुमी सांगा, हिला धाडू का?” मी त्या दिवसांत भरात होते. मी म्हणाले, मुंबईत काय ठेवलंय, दहा बाय दहाच्या खोलीत कोंडून घ्यायचं. इथे राहून बाहेरून बी.ए. करू दे, गावात किती करण्यासारखं आहे. त्यांना नाही म्हणायला आधार हवा होता. तो मी दिला.

मुलीची दोन वर्षं गेली. त्या काळात भाताची लावणी, काजूच्या बिया आणि दोन स्थळं झाली. तिसऱ्या वर्षी ती मावशीच्या मदतीनं गेली आणि आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. डोंबिवलीच्या पुढे मावशीच्या स्वयंपाकघरात झोपते, लोकलला लटकून जाते. गेल्या दिवाळीत मी तिला विचारलं, गावाची आठवण येते का? म्हणाली, “येते ना. पण इथं बरं आहे, ताई. इथं मला कोण विचारत नाही, तू कोणाची.”

मी ज्याला शहराचा परकेपणा म्हणत होते ती तिची मोकळीक होती. टाळेबंदीत आमच्या ओटीवर तांदूळ आणून ठेवणारी तीच नजर ती कोणाशी बोलली, किती वाजता परतली, हेही मोजत होती. ‘गाव करील ते राव काय करील’ ही म्हण आपण अभिमानानं सांगतो; वाळीत टाकलेल्या घराला तिचा अर्थ वेगळा लागतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर करावा लागला, आणि त्यामागे शेजारच्या रायगड जिल्ह्यातल्या गावकीची प्रकरणं होती. गावाची माया आणि गावाचा पहारा एकाच घरातून येतो. यातली फक्त माया लिहिणं हा लेखकाचा आळस आहे. आणि त्यावरून दुसऱ्याच्या मुलीला सल्ला देणं याला काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही.

कोणी म्हणेल, मग शहर काय स्वर्ग आहे? नाही. पुण्यातल्या आमच्या सोसायटीतही उन्हाळ्यात टँकर येतो, इथेही घर देताना आडनाव विचारतात. पण शहराबद्दल आपण कुरकुर करतो, मोर्चे काढतो, कादंबऱ्यांतून त्याची सालं काढतो. गावाला मात्र आपण कवितेत ठेवतो, आणि कवितेत ठेवलेल्या जागेला दवाखाना लागत नाही. तीन वर्षांत गावात राहायला आलेले पाच-सहा शहरी लोक मला भेटले. सगळ्यांना जुनी कौलं हवी होती. संध्याकाळची बंद झालेली एस.टी. परत सुरू व्हावी म्हणून अर्जावर सही मागितली तेव्हा एकानं मला सांगितलं की गाड्या वाढल्या की शांतता जाईल. त्याच्याकडे स्वतःची गाडी होती.

गावी जाऊ नका असं मी सांगत नाही. मीही पुन्हा जाईन. घर आहे, आणि आई त्या पडवीची आठवण काढते. पण लेखकांनो, गावाबद्दल लिहाल तेव्हा पहिल्या पानावर तुम्ही तिथून कसे निघू शकता तेही लिहा: बँकेत किती आहे, शहरात घर आहे का, गाडी कोणाची. संपादकांनो, गावावरचा विशेषांक काढाल तेव्हा गाव सोडून गेलेल्यांना आधी विचारा. आणि अनुवादकांनो, कोणाची वाडी ते गाळू नका.

खालच्या वाडीतल्या त्या वडिलांना मी अजून सांगितलेलं नाही की माझा सल्ला चुकला होता. येत्या शिमग्याला जाईन तेव्हा त्यांच्या ओटीवर बसून सांगणार आहे.