पाटण्याचा शिलालेख आणि पंधराव्या दिवसाचे दान

भास्कराचार्यांचे ‘विज्जडविड’ नेमके कोणते, यावर आपल्याकडे वाद रंगतो. कोणी पाटणे म्हणतो, कोणी विजापूर. माझे स्पष्ट मत असे की, या वादात खानदेशाने आपली अधिक निश्चित आणि अधिक मोलाची ठेव दुर्लक्षिली आहे.

चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या मंदिरातील शिलालेख पाहा. शके ११२८, म्हणजे इ.स. १२०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्याने येथे मठ स्थापिला आणि निकुंभवंशीय सोन्हदेवाने त्यास दान दिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख विद्वानांपुढे आणला. जन्मस्थानाविषयी तर्क करावा लागतो. मठाविषयी शिळाच बोलते.

‘सिद्धान्तशिरोमणी’चाच भाग मानल्या गेलेल्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) श्रेढीव्यवहार हे प्रकरण आहे. दहावीच्या पुस्तकातील ‘अंकगणिती श्रेढी’ ती हीच! पहिले पद म्हणजे आदी, सामान्य फरक म्हणजे चय, पदसंख्या म्हणजे गच्छ आणि शेवटचे पद म्हणजे अंत्यधन.

त्यातले एक उदाहरण घ्या. एक दाता पहिल्या दिवशी ४ द्रम्म देतो आणि रोज ५ द्रम्म वाढवतो. १५ दिवसांत एकूण किती दिले? आचार्य प्रथम पंधरावा दिवसच गाठतात. गच्छातून एक वजा करून १४; त्यास चयाने गुणून ७०; त्यात आदी मिळवून ७४. एक वजा का, येथेच पुष्कळांचा पाय घसरतो. पहिल्या दिवशी वाढ झालेलीच नसते, म्हणून पंधरा दिवसांत वाढी चौदाच! मग ४ आणि ७४ यांचे मध्यधन ३९, त्याची पंधरापट ५८५.

दात्याची ही गोष्ट सांगितली, तर वर्गात सूत्र घोकावे लागणार नाही. जळगाव-धुळ्याच्या शाळांच्या सहली पाटणादेवीला जातात. देवीचे दर्शन आणि धबधबा झाला की मुले बसमध्ये चढतात. त्या शिळेपुढे त्यांना दहा मिनिटे उभे करून हे एक उदाहरण सोडवून घ्यावे, एवढीच माझी मागणी आहे.

तोवर त्याच प्रकरणातले दुसरे उदाहरण तुमच्यासाठी. शत्रूचे हत्ती हस्तगत करण्यास निघालेला राजा पहिल्या दिवशी २ योजने चालला, रोज सारखीच वाढ करीत गेला आणि ७ दिवसांत ८० योजने दूर असलेल्या नगरास पोहोचला. सातव्या दिवशी तो किती योजने चालला? उत्तरात अपूर्णांक येतो, बिचकू नका.